जुना ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि एक उटी

अभिनंदन! घरात कुणालाही न विचारता तुम्ही जुना ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलंय. त्याला दोन ट्रॉल्या जोडून यंदाच्या हंगामात कारखान्याला ऊस ओढायचा, दोन वर्षांत कर्ज फेडायचं आणि तिसऱ्या वर्षी दुसरा ट्रॅक्टर घ्यायचा, असा तुमचा हिशोब आहे. हिशोब अगदी बरोबर आहे. माझाही हाच होता. मी या धंद्यात अकरा हंगाम काढले. पहिल्या दोन हंगामांत धंदा शिकलो आणि पुढच्या नऊ हंगामांत त्या शिक्षणाचे हप्ते फेडले. तेव्हा खाली जे सांगतोय ते अनुभवाचं आहे. वहीत उतरवून घ्या, म्हणजे सावकाराला दाखवायला बरं.

१. ट्रॅक्टर जुनाच घ्या

नव्याच्या नादी लागू नका. १ जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे नियम कडक झाले. तेव्हापासून या मोठ्या ट्रॅक्टरांच्या डिझेलचा कारभार कॉम्प्युटरकडे गेला. कॉम्प्युटरला आपला स्वभाव कळत नाही. ‘जरा जास्त सोड’ असं त्याला खांद्यावर हात टाकून सांगता येत नाही. जुन्या ट्रॅक्टरचा पंप मात्र माणसात बसणारा. एक स्क्रू ड्रायव्हर आणि दोन चहा, एवढ्यात काम होतं.

माझी शिफारस विचाराल तर एचएमटीचा एकोणसाठ अकरा. साठेक घोड्यांचा गडी, ओढायला रेडा. मुख्य म्हणजे २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटीच्या ट्रॅक्टर विभागाला टाळं लावायचं ठरवलं, त्यामुळे कंपनी काय म्हणेल ही धास्तीच नाही. पार्ट कुठे मिळणार, असं घाबरून विचारू नका. जिल्ह्यात कुठे ना कुठे एक एकोणसाठ अकरा मेलेला असतो. त्याचा गिअरबॉक्स तुमच्यात, तुमचा हौसिंग तिसऱ्यात. या ट्रॅक्टरांचा पुनर्जन्मावर विश्वास आहे.

बघायला गेलात की मालक म्हणेल, ‘फक्त घरच्या शेतीला वापरलाय, पावणं.’ मान डोलवा आणि गुपचूप मागे जाऊन हूकचं भोक बघा. कंपनीतून येताना ते गोल असतं. नांगरटीच्या ट्रॅक्टरचं वीस वर्षांनीही गोलच राहतं. ते कोंबडीच्या अंड्यासारखं लांबट झालं असेल तर समजा, की या ट्रॅक्टरने अर्धा तालुका ओढलाय. लगेच सौदा करा. अनुभवी आहे.

२. पंप वाढवा

ट्रॅक्टर घरी आल्यावर पूजा करायची आणि पूजेचा नारळ ओला आहे तोवर पंपवाल्याकडे न्यायचा. पंपावर एक शिशाचं सील असतं. किती डिझेल सोडायचं ते ज्या इंजिनिअरने ठरवलं, त्याने ते लावलेलं असतं. त्या बिचाऱ्याने आपला घाट कधी पाहिलेला नाही. सील तोडा, स्क्रू फिरवा.

आता धुराड्यातून काळा धूर येईल. कुणी शहाणा सांगेल, की डिझेल जास्त आणि हवा तेवढीच, म्हणून अर्धं न जळता काजळी होऊन बाहेर पडतंय. म्हणजे तो धूर हा तुमच्याच पैशांचा आहे. त्याच्याकडे लक्ष देऊ नका. गावात धुरावरून ताकद ओळखतात. ज्याचा धूर वडाच्या शेंड्याला लागतो, त्याला लग्नाच्या पंगतीत आग्रह होतो.

धुरासोबत इंजिन तापेल. पाणी उकळेल, हेड गॅस्केट जाईल, आणि एखाद्या दिवशी पिस्टनच्या डोक्याला भोक पडेल. त्यावर उपाय टर्बो. टर्बो हवा कोंबतो, मग आणखी डिझेल सोडता येतं, मग आणखी तापतं. या चक्राला आमच्याकडे ‘ट्रॅक्टर बसवून घेणे’ म्हणतात. बसवता बसवता मालक बसतो, पण ते पुढचं.

एक बारीक गोष्ट लक्षात असू द्या. ट्रॅक्टरला ट्रकसारखी चासी नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा हौसिंग एकमेकांना बोल्टाने जोडलेले, आणि तोच त्याचा कणा. तुम्ही ताकद वाढवली ती फक्त इंजिनाची. कणा जुनाच आहे. त्यामुळे भर चढावर ट्रॅक्टर मधोमध दुभंगला तर गांगरून जाऊ नका. पुढचा भाग पुढे ढकला, मागचा मागे, आणि वाहतूक मोकळी करा. लोकांची गैरसोय करू नये.

३. चाकं, पाणी, हूक

१४.९ ची मागची टायरं असतील तर काढून १६.९ ची घाला. ट्रॅक्टर उंच दिसतो, रस्त्याला पळतो. चाक मोठं झालं की ओढ कमी होते हे खरं, पण त्यासाठी पंप आहेच. पुन्हा क्रमांक दोनकडे जा.

टायरमध्ये पाणी भरा. हा सल्ला मात्र खरोखरचा आहे, कंपन्याही देतात. पाऊण टायर पाण्याने भरलं की एका चाकात दोनेकशे लिटर बसतं आणि पकड वाढते. उन्हाळ्यात गावाला टँकर सुरू झाला की लोक तुमच्या चाकाकडे बघायला लागतील. बघू द्या.

हूक मात्र वर घ्या. कंपनीने तो खाली, जमिनीजवळ दिलेला असतो, कारण ओढ जितकी खालून तितकी पुढची चाकं जमिनीवर राहतात. तुम्हाला ती जमिनीवर ठेवायची नाहीत. नाहीतर व्हिडिओ कशाचा काढणार? हूक वितभर वर वेल्डिंग करून घ्या. पिन हरवली तर नवीन आणू नका, पहारेचा तुकडा चालतो. पहारही नसेल तर बांधकामावरची सळी. सळी वाकते, पण सावकाश वाकते. तेवढ्यात एक खेप होते.

४. नटवा

लाइटिंग, रेडियम, गोंडे, आरसे, पुढे दिवंगत बैलाचं नाव, मागे ‘नाद करायचा नाय’. टेप असा बसवा, की ड्रायव्हरला मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येता कामा नये. हॉर्न ऐकू आला तर बाजू द्यावी लागते. कारखान्याच्या गेटवर टेप बंद ठेवण्याची सूचना दरवर्षी लावतात. तिच्यावर दरवर्षी उसाचा रस उडून ती चिकट होते.

पैशांची चणचण असेल तर मोटार वाहन कायद्याचं १८२अ कलम एकदा वाचून घ्या. मालकाने गाडीत नियमाबाहेरचा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. दंड ५,००० रुपये, आणि तोही एकेका बदलाला. आता बोटं मोजा: पंप, टर्बो, धुराडं, हूक, टायर. एक हात इथेच संपला. दुसरा हात नमस्काराला मोकळा ठेवा, साहेब भेटले तर लागतो.

५. मुकादम गाठा

इथवर वाचून तुम्हाला वाटत असेल, की धंद्यातला धोका म्हणजे ट्रॅक्टर. ट्रॅक्टर गरीब आहे. खरा धोका दोन पायांवर, पांढऱ्या कपड्यांत, हातात दोन मोबाइल घेऊन येतो.

रीत अशी. तुम्ही कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार करायचा. कारखाना तुमच्या नावावर उचल देतो. ती तुम्ही मुकादमाला द्यायची. मुकादम ती बीडकडच्या किंवा जालन्याकडच्या तोडकऱ्यांना देतो आणि दिवाळी झाली की टोळी घेऊन येतो. टोळी कोयत्यांत मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तुम्ही बारा कोयत्यांचे पैसे द्या, म्हणजे सात येतील. सातांचे दिले असते तर चार आले असते. त्यामुळे जास्त देणंच फायद्याचं.

पैसे देताना मुकादमाला जेवू घाला. त्याच्या मुलाबाळांची चौकशी करा, घर कुठे विचारून घ्या, घराच्या खुणा लिहून ठेवा: वेस ओलांडली की मारुती, मारुतीच्या डावीकडे पाण्याची टाकी. नोव्हेंबर उजाडेल. मुकादमाचा एक मोबाइल बंद लागेल, दुसरा ‘मालक, उद्या निघतोय’ म्हणेल. असे दहा उद्या झाले की जीप करून निघा. मारुती सापडेल. टाकी सापडेल. टाकीखाली आणखी तीन ट्रॅक्टरमालक बसलेले असतील, एक सांगलीचा, एक सोलापूरचा, एक कर्नाटकातला. त्यांच्याशी ओळख वाढवा. पुढच्या वर्षीही तिथेच भेटायचंय.

टोळी आलीच, तर तिच्यावर ओरडू नका. ही एवढी ओळ चेष्टेतली नाही. पहाटेच्या थंडीत चारला फडात उतरणारी, पाचटाने हात कापून घेणारी, डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीला टेकवलेल्या फळीवरून उभ्या चढाने वर जाणारी बाई तुमच्या साठ घोड्यांपेक्षा जास्त ओढते, आणि तिच्या पंपाला वाढवायला स्क्रू नाही.

६. भरा

वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. दिवसावर नाही, सुखरूप पोहोचण्यावर तर नाहीच. म्हणून भरताना एकच प्रश्न विचारायचा: आणखी बसतंय का? बसतंय. फाळक्यांपर्यंत भरलं की आडवा ऊस लावून बाहेर काढा, बाहेर आला की त्यावर उभा रचा, वर गेला की दोर टाका. दोर टाकल्यावर उसाला कळतं, की आपण ट्रॉलीत आहोत.

दोन ट्रॉल्यांत मिळून पंचवीस टन सहज बसतात. ट्रॅक्टर स्वतः अडीच टनांच्या आतबाहेर. म्हणजे एका माणसाने दहा माणसांना पाठीशी बांधून घाट चढायचा. माणूस नाही म्हणेल. ट्रॅक्टरला तोंड नाही.

जादा वजनाचा दंड त्याच कायद्याच्या १९४ कलमाखाली २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. दहा टन जास्त निघाले तर ४०,०००. एका खेपेला तेवढी वाहतूकही मिळत नाही. त्यामुळे दंड भरायचा प्रश्नच येत नाही, परवडतच नाही. हे साहेबांना नीट समजावून सांगा. हात मोकळा ठेवलाय ना?

गावातून जाताना विजेच्या तारा लागतील. एक पोरगा बांबू घेऊन उसावर बसवायचा, तार आली की त्याने बांबूने उचलून धरायची आणि खालून ट्रॉली काढायची. बांबू वाळलेला आहे ना एवढं बघा. कुणी विचारलं तर म्हणा, वायरमनला सांगितलंय. वायरमनला सांगू नका. त्याला झोप येत नाही.

फडातून ट्रॉल्या एकेक काढाव्या लागतात, रस्त्यावर आल्यावर जोडायच्या. दोन जोडून मागे घ्यायचा प्रयत्न करू नका. एक ट्रॉली मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवायचं, दोन असतील तर उलट्याचं उलटं. आमच्या भागात जत्रेला रिव्हर्स ट्रॉलीच्या शर्यती लावतात, तिथले गडी हे करून दाखवतात. तुम्ही केलंत तर बांध फुटेल, आणि बांधाचा दावा ट्रॅक्टरच्या कर्जापेक्षा जास्त वर्षं चालतो.

७. चढ

आता मुख्य प्रयोग. चढाच्या पायथ्याशी थांबा, टेप वाढवा, टोपी उलटी करा.

थोडं गणित. शंभर फुटांना पाच फूट असा चढ धरा, डोळ्यांना तर तो सपाटच वाटतो. ट्रॅक्टर धरून, ट्रॉल्यांचं स्वतःचं सोडून, सत्तावीस टन वजन. त्यातले सव्वा टनाहून जास्त तुम्हाला मागे ओढत असतात, तेही कुणाशी न भांडता, शांतपणे. तुमच्या मागच्या चाकांवर ट्रॅक्टरचं वजन दीडेक टन. म्हणजे रस्त्याला धरून राहण्याची त्या चाकांची ऐपत आणि मागची ओढ यांची काट्याची टक्कर आहे. अशा वेळी दोन गोष्टी होऊ शकतात. चाकं जागेवर फिरतील आणि डांबर जाळतील, नाहीतर हूक वर घेतल्यामुळे ट्रॅक्टर मागे बसून नाक वर काढेल. दुसरी जास्त फोटोजेनिक.

नाक वर गेलं की स्टिअरिंगचा उपयोग नाही, कारण स्टिअरिंगची चाकं हवेत आहेत. घाबरू नका, ती चकचकीत फिरतात आणि छान दिसतात. दोघा धष्टपुष्ट मित्रांना पुढे बंपरवर बसवा. त्यांना ‘वजन’ म्हणतात. वजनाने ऊस खात बसायचं, मोबाइल बघायचा नाही. वजन कमी पडलं तर तिसरा मित्र. तीन मित्र असूनही पुढचं उठत असेल तर ट्रॅक्टर नव्हे, मित्र बदला.

तरीही नाही चढला तर टोचन. पुढे दुसरा ट्रॅक्टर साखळीने जोडायचा. साखळी ताणली की तिच्या आसपास उभं राहू नका. लोकांना उभं राहू द्या, ते व्हिडिओ काढत असतात. टोचनवाल्याचा पंप तुमच्यापेक्षा जास्त वाढवलेला निघाला तर त्याच्यापुढे बोलू नका. संध्याकाळी पंपवाल्याकडे जा.

आता उटी. ट्रॉलीला ब्रेक नसतो, हे मी सांगायचं विसरलो होतो. विसरण्यासारखीच गोष्ट आहे, ज्यांनी ट्रॉली बनवली तेही विसरले. चढावर इंजिन दमलं, क्लच प्लेट जळाल्याचा वास आला, की सत्तावीस टन मागे निघतात, आणि त्यांना थांबवायला असतो एक पोऱ्या आणि त्याच्या हातातली उटी. उटी म्हणजे लाकडाची पाचर. ती पहिल्या आठवड्यातच चिरडते, मग दगड. पोऱ्याने मागच्या ट्रॉलीच्या चाकाबरोबर पळायचं आणि ‘लाव’ म्हटलं की चाकाखाली सारायचा. टेपमुळे ‘लाव’ ऐकू येत नाही. म्हणून चांगला पोऱ्या कानाने नाही, वासाने चालतो. क्लचचा वास आला, की दगड टेकला. माझ्याकडचा पोऱ्या तसा होता. ट्रॅक्टर खचायच्या आधी, एखाद्याने पाहुण्याला पाट द्यावा तसा तो दगड सरकवायचा, बोटं काढून घ्यायचा आणि हात पँटला पुसायचा. अख्ख्या गाडीत नीट चालणारा ब्रेक तेवढाच. त्याला पगार सगळ्यांत कमी होता.

चढ संपला की दगड रस्त्यातच सोडा. पोऱ्याला उचलायला पाठवलं तर गाडी थांबवावी लागते, आणि थांबली की दुसरा दगड लागतो. दगडांची महाराष्ट्रात कमतरता नाही.

८. उतार

उतारावर न्यूट्रल मारा. डिझेल वाचतं. ‘ज्या गिअरमध्ये चढला त्याच गिअरमध्ये उतर’ असं जुने ड्रायव्हर सांगत. ते जुने ड्रायव्हर म्हातारे झाले, यावरून काय ते समजा. आता इंजिन गाडीला धरत नाही, ट्रॉल्यांना ब्रेक नाही, सगळी मदार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांच्या ब्रेकवर. मागून पंचवीस टन ढकलतात. जोरात ब्रेक मारला तर ट्रॉली बाजूने पुढे येते आणि ट्रॅक्टरला मिठी मारते. या प्रेमात पडू नका.

ट्रॅक्टरला ब्रेकची पेडलं दोन असतात, डाव्या चाकाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. शेतात जागच्या जागी वळायला ते बरं पडतं. रस्त्यावर येताना दोन्ही पेडलं पट्टीने एकत्र जोडायची. मी एकदा विसरलो. कालव्याच्या उतारावर पुढे म्हैस आडवी आली, मी पाय दाबला, तो पडला डाव्या पेडलवर. ट्रॅक्टर डावीकडे असा वळला, जसा काही घरचा रस्ता आला. दोन्ही ट्रॉल्यांसकट आम्ही एकाच्या उभ्या उसात चाळीस फूट आत. मी स्टिअरिंगला मिठी मारून बसलेलो. तेवढ्यात उसातून मालक पळत आला. दोन महिने तोडीची चिठ्ठी येत नव्हती म्हणून तो बिचारा रोज चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयच्या दारात बसायचा. ट्रॅक्टर बघून त्याचे डोळे भरून आले.

‘आली का तोड?’ त्याने विचारलं.

मी नाही म्हणायला हवं होतं.

९. रात्र

हंगामाच्या सुरुवातीला कारखान्यात कार्यक्रम होतो. साहेब येतात, ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात, फोटो होतो. रिफ्लेक्टर लावून घ्या, नाही म्हणू नका. नंतर मागे दोन-दोन हात ऊस बाहेर काढला, की रिफ्लेक्टर झाकला जातो. मागचा दिवा लावायची गरज नाही, वायर तुटलेलीच असते. अंधारात मागून येणाऱ्याला तुमची ट्रॉली म्हणजे रस्त्यात उगवलेला फड वाटते, आणि तेही अगदी जवळ आल्यावर.

ट्रॉली पंक्चर झाली तर रस्त्यातच उभी करून जेवायला जा. मागे झाडाची फांदी ठेवा. पेपरमधल्या बातम्या नीट वाचल्यात तर एक गोष्ट ध्यानात येईल: ट्रॉली ‘उभी’ असते आणि मोटारसायकल ‘धडकते’. व्याकरण तुमच्या बाजूचं आहे. मोटारसायकलवाल्याच्या घरच्यांचं व्याकरण वेगळं असतं. त्यांना भेटायला गेलात तर मान खाली घालून बसा, काही बोलू नका. मी एकदा अशा घरी गेलो होतो. ट्रॉली माझी नव्हती, चुलतभावाची होती. त्या ओट्यावर चहा आला, तो मला पिता आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या दोन्ही ट्रॉल्यांना मागे लाल कापड आणि दिवे लावले. त्या हंगामात मला गावात सगळे भित्रा म्हणाले.

१०. कारखाना

पोहोचलात! आता नंबर. यार्डात तुमच्या पुढे दोनशे गाड्या असतील. ट्रॅक्टरखाली सावलीला झोपा. ऊस मात्र उन्हात असतो, तो वाळतो. वजन कमी होतं, तेही तुमच्याच डोळ्यांदेखत. वाटेत शाळेच्या पोरांनी मागच्या ट्रॉलीतून उपसलेला ऊस वेगळा. त्यांना ओरडू नका, तुम्हीही उपसला होता.

काट्यावर गाडी चढवताना काट्याकडे बघायचं नाही, काटेवाल्याकडे बघून हसायचं. हसण्याचं वजन होत नाही, पण काही सांगता येत नाही. मग गव्हाणीवर, म्हणजे ऊस टाकायच्या जागी, जा. ट्रॉलीच्या तळाला आधीच टाकलेल्या साखळ्यांत क्रेनचा हूक अडकतो आणि दोन दिवस जपलेला डोंगर अर्ध्या मिनिटात गव्हाणीत कोसळतो. त्या क्षणी ट्रॅक्टर हलका होऊन स्प्रिंगसारखा वर येतो. मालकाला तसंच वाटतं. त्याचा आनंद घ्या, पुढे हिशोब आहे.

हिशोबाला बसताना शेतकऱ्याचा विषय काढू नका. २०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, साखरेच्या १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, म्हणजे तुम्ही वजा होता. वर ड्रायव्हर शेतकऱ्याकडे दर खेपेला ‘एंट्री’ मागतो आणि टोळी ‘खुशाली’. त्यामुळे तुम्ही गाडी घेऊन आलात की तो आनंदाने नव्हे, खिसा धरून पुढे येतो. तुम्हालाही फार उरतं असं नाही. डिझेल गेलं, आणि त्यातलं किती नुसत्या धुरात गेलं ते पंपवाल्याला विचारू नका. टोचन गेलं, क्लच प्लेट गेली, ड्रायव्हर गेला. म्हणजे पगार घेऊन दुसऱ्याकडे गेला. मुकादमाची उचल तर कारखाना तुमच्याच बिलातून कापतो. कापून झाल्यावर क्लार्क पावती सरकवतो. ती घडी घालून खिशात ठेवा, उघडू नका.

कारखान्याच्या दारातच रसवंती असते. एक ग्लास रस प्या, आलं-लिंबू घालून. त्याचे पैसे रोख लागतात.

११. घरी जाणे

ट्रॅक्टर यार्डातच सोडून तुम्ही मोटारसायकलने घरी निघा. रात्र झालेली असेल. दिवसभराचा शीण, खिशात न उघडलेली पावती. येताना ज्यावर तुमचं नाक वर गेलं होतं तोच चढ लागेल, फक्त आता उतार म्हणून. मोटारसायकलला तो जाणवतही नाही. तुम्ही गुणगुणत उतरायला लागाल, आणि माथ्यापाशीच, अगदी रस्त्याच्या मधोमध, पुढचं चाक कशावर तरी आदळेल.

मी पडल्या जागी जरा वेळ बसून राहिलो. कोपर सोललं होतं, हेडलाइट उसाच्या दिशेने लागून राहिला होता. मग मोबाइलच्या उजेडात बघितलं. करडा, एका बाजूने चपटा, आणि त्या चपट्या बाजूवर टायरच्या नक्षीचा काळा ठसा.

पोऱ्याने दगड चांगला निवडला होता. तसूभर सरकला नव्हता.